स्लॅबच्या बिलाचा हिशेब लावून देणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं चारचौघांत लिहिते आहे म्हणून तुम्ही रागावणार, हे मला माहीत आहे. पण दुसरा मार्गच ठेवला नाहीत. साडी आणली ती परत पाठवलीत. पेढे आणले ते "मले शुगर आहे बाप्पा" म्हणून माझ्यादेखत गल्लीतल्या पोरांना वाटून टाकलेत. हे पत्र तरी परत करता येणार नाही. शिवाय मृग जवळ आला की आपल्या लेआउटमध्ये घराघरावर वॉटरप्रूफिंगचं काम निघतं आणि मागोमाग बिलावरून भांडणं. तुम्ही मला जे करून दिलंत ते आणखी चार घरांना कळलं तर बरंच आहे.

आमच्या स्लॅबची हालत तुम्हाला ठाऊकच होती. नागपूरचं ऊन ते, नवतप्याचे ते नऊ कडक दिवस संपेपर्यंत स्लॅब तापून भेगाळतो आणि पहिल्या सरीला त्याच भेगांतून पाणी आत. दिवाणखान्याच्या छताचे पोपडे पडायला लागले तेव्हा ठेकेदाराला बोलावलं. त्यानं फुटका कोबा काढून नवा भरला, कोटिंग मारलं. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते. मग बिल आलं.

वॉटरप्रूफिंग १,६०९ चौरस फूट, दर ६० रुपये, ९६,५४० रुपये. त्याखाली "इतर सामान व मजुरी", ८,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण १,२३,९४७. चाळीस हजार आधीच दिले होते, म्हणजे जवळजवळ ८४ हजार अजून द्यायचे. माझ्या अंदाजानं सगळं मिळून ऐंशीच्या आसपास जायला हवं होतं. मी विचारलं तर ठेकेदार म्हणाला, "साहेब केव्हा येऊन राहिले? त्यांच्याशी बोलतो." साहेब म्हणजे माझे यजमान, ते बदलीच्या गावी. घर माझ्या नावावर, काम मी ठरवलेलं, पैसे माझ्या खात्यातून जाणारे. पण हिशेब मात्र साहेबांशी! या एका वाक्यानं माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं आकड्यानंही फिरलं नव्हतं.

ज्याला त्याला विचारलं. कोणी म्हणालं, वीस टक्के कापून दे, ते लोक वाढवूनच लावतात. कोणी म्हणालं, देऊन टाक, यांच्या नादी लागू नये. ऑफिसमधल्या एकाने तर सरळ पोलिसात जायला सांगितलं. बिल बरोबर आहे की चूक, हे बघू या असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. भाजीच्या ठेल्यापाशी उभ्या उभ्या तुम्ही विचारलंत, "मोजलं काय तू?"

पाटबंधारे विभागात तुम्ही अनुरेखक होता एवढंच मला माहीत होतं. म्हणजे इंजिनिअरांनी काढलेले नकाशे ट्रेसिंगवर उतरवायचे, असं काहीतरी. त्या कामात मोजमापं इतकी हाडात मुरतात, हे त्या संध्याकाळी कळलं. ऊन उतरल्यावर तुम्ही टेप आणि फूटभर लांबीची वही घेऊन आलात. वहीत सरकारी मोजमाप पुस्तिकेसारखे रकाने आधीच आखलेले: तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंत आणि पहिला नियम सांगितलात, आकडा मनात धरायचा नाही, मोठ्यानं बोलायचा आणि लगेच लिहायचा.

स्लॅब आतून भरला २८ बाय ४०. ठेकेदारानं धरला होता २९ बाय ४१. "नकाशावरून बाहेरून बाहेर घेतलं यानं," तुम्ही म्हणालात. आमची पॅरापेट, म्हणजे स्लॅबच्या कडेची भिंत, साडेचार इंची विटेची, दोन्ही बाजूंचा गिलावा धरून सहा इंच. चारी बाजूंची ती अर्धा-अर्धा फूट जाडी बिलात ६९ चौरस फूट होऊन बसली होती. ज्यावर कोटिंग पडूच शकत नाही त्याचे चार हजारांहून जास्त पैसे!

मग पॅरापेट. बिलात ती तीन फूट उंच धरलेली, १४० फूट घेराला ४२० चौरस फूट. कोटिंगची रेघ मात्र भिंतीवर फूटभरच चढलेली, कोणालाही दिसेल अशी. तुम्ही विचारलंत, "ठरलं काय होतं, लिहून घेतलं काय?" माझ्या व्हॉट्सॲपवर त्याचाच मेसेज होता: साठ रुपये फूट, दोन कोट, पॅरापेटला एक फूट वर चढवून. तो वाचून तुम्ही चष्मा काढून हसलात. म्हणालात, हा मेसेज पुसू नको, आणि आजच मुलीलाही पाठवून ठेव.

जिन्याची खोली वजा करतानाची गोष्ट तर मी अजून लोकांना सांगते. कोपऱ्यातली ८ बाय १४ची खोली, ११२ फूट कमी. मी म्हटलं, मग भिंतीची लांबीही तेवढी कमी होईल. तुम्ही काही न बोलता वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढलात, त्याचा एक कोपरा कापलात आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. बाजू मोजल्या. कापलेल्या कोपऱ्याच्या दोन बाजू गेल्या तर तेवढ्याच लांबीच्या दोन नव्या आल्या. घेर १३६ तो १३६च. जागा कमी झाली, घेर नाही. आमच्या भूमितीच्या बाईंनी हे असं स्लॅबवर नेऊन शिकवलं असतं तर माझे दोन मार्क तरी वाढले असते.

म्हणजे १,१२० वजा ११२, अधिक १३६. ११४४. मी मनात साठनं गुणून मोकळी झाले आणि खाली जायला निघाले. तुम्ही थांबवलंत. "शिडी आहे काय?" ह्या वयात तुम्ही जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर चढलात, मी खालून शिडी धरून जीव मुठीत घेऊन उभी. वर कोटिंग होतं. दोन कोट, नीट मारलेले. तुम्ही वरूनच ओरडलात, "एकशे बारा परत मिळव!" पाण्याच्या टाकीचा दोन बाय दोनचा ओटाही मी वजा करत होते, तोही तुम्ही करू दिला नाहीत. गिलाव्याच्या सरकारी मोजमापात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघाडी वजा करत नाहीत, तोच न्याय इथे, असं म्हणालात. आकडा ठरला १,२५६. साठनं ७५,३६०.

काकू, माझे पैसे वाचले म्हणून लोक तुमचं कौतुक करतात, पण माझा तुमच्यावर जीव जडला तो त्या शिडीपाशी. मी तुम्हाला माझ्या बाजूनं बोलावलं होतं. तुम्ही टेपच्या बाजूनं आलात. नंतर ठेकेदारासमोर बसताना माझा आवाज कापला नाही, कारण त्याचं जे होतं ते आम्ही आधीच त्याच्या पदरात टाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आणखी एक काम लावलंत. पन्हाळीच्या तोंडांत फडकी कोंबून स्लॅबवर पाणी भरायचं, दोन इंच, चोवीस तास. जुना स्लॅब आहे, दोनच्या वर जाऊ नको, अशी ताकीदही दिलीत. वहीत तेही गणित होतं: जिन्याची खोली सोडून १,००८ चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे साधारण ४,७५० लिटर, आमच्या हजार लिटरच्या पावणेपाच टाक्या. बोअर आहे म्हणून जमलं. स्लॅब कोरडा राहिला, फक्त जिन्याच्या खोलीच्या कोपऱ्यात आतून ओल आली. तिथे भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात गोला, म्हणजे सिमेंटच्या मसाल्याची गोलाई, घातलाच नव्हता. मला वाटलं, चला, आणखी दोन हजार कापायला कारण मिळालं. तुम्ही म्हणालात, कापायचं नाही, त्याच्याकडून करून घ्यायचं. कापलेले पैसे पावसात छत्री धरणार नाहीत.

ठेकेदार आला तो "माझी लेबर बसून राहिली मॅडम, त्यांची मजुरी थांबली" अशी सुरुवात करत. हा बाण बरोबर लागतो. उन्हात घमेली वाहणाऱ्या रेजा मी बघितल्या होत्या, त्यांचे पैसे अडवल्याचं पाप कोण घेणार? तुम्ही चहा ढवळत म्हणालात, "म्हणूनच आम्हाला जे मान्य आहे ते आज, आत्ता देतो. वादाचं तेवढं बोलू." मी तिथल्या तिथे पंचवीस हजार ट्रान्सफर केले, शेऱ्यात "मान्य मोजमापापोटी" लिहून. लेबरचा मुद्दा संपला. मग तुम्ही वही त्याच्यापुढे सरकवलीत आणि टेप त्याच्या हातात दिलीत. "पटत नसेल तर मोज, आम्ही दुसरं टोक धरतो." तो वर गेलाच नाही. रकाने बघून त्यानं एवढंच विचारलं, "काकू, तुम्ही पीडब्ल्यूडीत होता काय?"

जीएसटीवर मात्र तो अडला. सरकारचा टॅक्स आहे, मी काय करू. तुम्ही म्हणालात, नंबर दे. पंधरा अक्षरी, महाराष्ट्राचा असेल तर २७ नं सुरू होणारा. नंबर सीएकडे आहे म्हणाला. तर सीएला फोन लाव, आपण जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघू. फोन काही लागला नाही. नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून हा कर घेताच येत नाही, २०१७च्या कायद्याचं ३२वं कलम तेच सांगतं, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. आणि नोंदणी असेल तर पक्कं बिल आण, १८ टक्के देतो, हेही. अठरा हजार नऊशे सात रुपयांची ती ओळ त्यानं स्वतःच्या पेननं खोडली.

"इतर सामान"मधलं काय काय, ते विचारल्यावर दोन पन्हाळीचे नवे पाइप निघाले, बसवण्यासकट ३,२०० रुपये. ते दिसत होते, ते धरले. मलबा उचलल्याचे दीड हजार तो बिलात वेगळे लिहायला विसरला होता. ते तुम्हीच आठवण करून दिलेत. बाकीचं काही सांगता आलं नाही. एकूण ८०,०६०. वरचे साठ रुपये सोडतो म्हणाला तर तुम्ही म्हणालात, "सोडायचे नाहीत, हिशेब आहे तो." उरलेले १५,०६० कोपऱ्यातला गोला घालून, तिथे पुन्हा पाणी भरून बघितल्यावर द्यायचे ठरले. चार दिवसांत मिस्त्री येऊन करून गेला, पैसे गेले, तीन वर्षांच्या गॅरंटीच्या कागदावर सही आली. जाताना ठेकेदार तुमच्या पाया पडला, ते खरं की नाटक मला कळलं नाही. तुम्ही आशीर्वाद मात्र खरा दिलात.

तुमच्या पिशवीत आणखी एक कागद तयार होता, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण सगळेच ठेकेदार समोर बसून ऐकत नाहीत. बसलाच नसता तर आधी स्पीड पोस्टानं लेखी पत्र, मोजमापाची प्रत जोडून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानं आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तो मसुदा तुमच्या त्या सुंदर अक्षरात आहे, ट्रेसिंगवर लिहायची सवय असलेल्या माणसाचं अक्षर. मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली आहे. चालेल ना?

साहेब सुट्टीवर आले तेव्हा ठेकेदार त्यांना चौकात भेटला. "मॅडम फार कडक आहेत," म्हणाला. त्यांनी घरी येऊन सांगितलं तर मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. खरं तर कडक तुम्ही. मी फक्त टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

आता एक गोष्ट उरली. आमच्या शेजारच्यांच्या बाथरूमच्या टाइल्सचं बिल आलं आहे आणि तुमची वही कशी मिळेल म्हणून ते मला विचारून राहिले. मी अजून काही कबूल केलेलं नाही. यायचं असेल तर टाइल्सचे खोकेही मोजायचे आहेत, उरलेले खोके त्यांनी फेकू दिलेले नाहीत. नाही यायचं असेल तर मला तेवढं सांगा, रकाने आखून मीच जाते.

तुमच्या मागच्या गल्लीतली,
स्लॅबवाली