सूचना : गच्चीवर उंदीर मेलेला नाही, सुरण फुललाय

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कालपासून जिन्यात येणारा कुजका वास पाण्याच्या टाकीचा नाही (दोघांनी टाकी उघडून पाहिली, आभार). तो माझ्या कुंडीतल्या सुरणाच्या फुलाचा आहे. वळीव पडला आणि पानाआधी थेट फूलच मातीतून वर आलं. मधोमध जांभळट-तपकिरी, सुरकुतलेला गोळा, भोवती झालरीसारखं आवरण. सुमात्रातल्या तीन मीटरपर्यंत वाढणाऱ्या टायटन अरम या महाकाय फुलाचा हा आपल्याकडचा भाऊबंद.

सडक्या मांसासारखा हा वास माश्या-भुंगेऱ्यांना बोलावणं असतं. आवरणाच्या आत तळाशी असलेली बारीक मादीफुलं तयार असताना तो सर्वांत उग्र. एक-दोन दिवसांत ओसरेल. अजिंक्यताऱ्याकडून वारा सुटला की तो सरळ जिन्यात शिरतो, म्हणून तोवर गच्चीचं दार लावून घ्यावं. कुरडया-पापड दुसऱ्या टोकाला वाळत घालावेत.

मुलांना दाखवायला जरूर आणा, पण हात लावू देऊ नका, खाज सुटते. कंद आत्ता मागू नये. पान पिवळं पडून वाळलं की दिवाळीच्या सुमारास काढीन. लावताना कंदाचा डोळा (कोंब फुटतो ती जागा) वर ठेवा, पाणी साचू देऊ नका. कंद चांगला पोसल्याशिवाय फूल येत नाही. माझ्याकडे चौथ्या वर्षी आलं.