स्पॅनिश शिकवा, पण आधी ऑफिसात लागणारी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीच्या बॅक ऑफिसात काम करते. आमची सगळी सिस्टिम मेक्सिकोतली आणि हेल्पडेस्कही तिकडचाच, तिकडे सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात, त्यामुळे कॉम्प्युटर अडला की रात्रीच फोन लावावा लागतो आणि पलीकडची माणसं खरंच चांगली असतात पण इंग्लिश त्यांचंही तोडकंमोडकंच. तिकीट, म्हणजे कॉम्प्युटरवरून करायची तक्रारीची नोंद, इंग्लिशमध्ये टाकता येतं, मान्य, पण लॉगिनच होत नसेल तर तिकीट टाकायचं कुठून?

म्हणून आमच्यातल्या काहीजणींनी स्पॅनिशचा क्लास लावला. तिथे रंग झाले, वार झाले, मामा-काका झाले, हॉटेलात सूप कसं मागायचं तेही झालं. ज्यांना डेलेची, म्हणजे स्पॅनिशच्या सर्टिफिकेटची, ए1 ही पहिल्या पातळीची परीक्षा द्यायचीय त्यांना हे सगळं हवंच, पण नोकरी करणाऱ्याला आधी 'मे पुएदे आयुदार, पोर फावोर?' म्हणजे मला मदत कराल का, हे यायला हवं. मग 'नो पुएदो एन्त्रार', आत जाता येत नाही. 'ला पान्ताया एस्ता नेग्रा', स्क्रीन काळी झालीय. पुस्तकं बहुतेक स्पेनची असतात आणि त्यात कॉम्प्युटरला ओर्देनादोर असतं, मेक्सिकोवाले कोम्पुतादोरा म्हणतात, हेही कुणी सांगत नाही.

आणि नुसतं विचारता येऊन भागत नाही हो. आपण स्पॅनिशमध्ये विचारलं की समोरचा खूश होऊन धडाधड स्पॅनिशमध्येच सुरू होतो. म्हणून 'मास देस्पासियो, पोर फावोर', जरा हळू बोला, हे पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. तो काय सांगणार तेही ठरलेलं असतं, आपागे म्हणजे बंद करा, एस्पेरे म्हणजे थांबा, रेइनिसिये म्हणजे रीस्टार्ट करा. एवढं कानाला ओळखीचं झालं तरी अर्धं काम होतं.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा. तिकीट नंबर, एरर कोड सगळं फोनवरच सांगतात आणि सेसेंता म्हणजे 60, सेतेंता म्हणजे 70, लाइन खराब असली की दोन्ही सारखेच ऐकू येतात. अशावेळी एकेक आकडा सुटा विचारून घ्यायचा, सेइस, सेरो, म्हणजे सहा, शून्य. क्लासात आकडे एकदा फळ्यावर लिहून पुढे जातात, फोनवर ऐकायचा सराव कुणी घेत नाही.

मराठी मीडियमच्या मुलामुलींनी तर अजिबात घाबरू नये. स्पॅनिशचे त आणि द आपल्या त-द सारखेच दाताला जीभ लावून येतात, ते देवनागरीत लिहून घेतलं की जीभ बरोबर वळते, इंग्लिश स्पेलिंगवरून वाचलं की उगाच ट-ड होतं. तू आणि तुम्ही आपल्याकडे आहे तसं त्यांच्याकडेही आहे, अनोळखी माणसाला तुम्हीच म्हणायचं म्हणून पुएदेस नाही, पुएदे. घरात पोर्तुगीज येणारं कुणी मोठं माणूस असेल तर बरेच शब्द आधीच ओळखीचे निघतील, फक्त उच्चार त्यांच्याकडून घेऊ नका, ते वेगळे आहेत.

माझी विनंती एवढीच की तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा छोटासा कोपरा द्या, देवनागरीत पाच-सहा वाक्यं, ऑफिसात अडलं तर कसं विचारायचं आणि उत्तर काय येईल तेवढंच. पणजी, म्हापसा, मडगावचे क्लासवालेही तो वाचतील आणि त्यांनाही उपयोग होईल. सुरुवात मात्र आकड्यांपासून करा.

– एक वाचक, फोंडा