इंजेक्शनपेक्षा प्रजनक माशांची चौकशी करावी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पलूस तालुक्यात द्राक्षबागेच्या शेततळ्यात कटला आणि रोहू सोडणारे काही शेतकरी आहेत आणि मीही त्यांतलाच एक आहे. मासे विक्रीला काढले, की ‘हे इंजेक्शनचे मासे तर नव्हेत?’ असा प्रश्न गिऱ्हाईक हमखास विचारते. जिबरेलिक ॲसिड हेही एक हार्मोनच असून त्यात द्राक्षाचे घड बुडवणाऱ्या आमच्या भागाला हा संशय यावा, याचे नवल वाटते.

इंजेक्शन टोचले जाते ते मत्स्यबीज केंद्रातील प्रजनक, म्हणजे पिलांसाठी राखलेल्या, नर-मादीला, ताटात येणाऱ्या माशाला नव्हे. कटला, रोहू, मृगळ हे मुळात वाहत्या नदीतले मासे. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात. परंतु पावसाळी नदीसारखी परिस्थिती तेथे नसल्याने ती सोडण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून जो हार्मोन यावा लागतो, तो पुरेसा येत नाही. १९५७ च्या जुलैमध्ये हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात माशांच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण दूर केली. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच्याच स्मरणार्थ पाळला जातो. त्याआधी देशाच्या अनेक भागांतील तळ्यांसाठी गंगेच्या खोऱ्यात नदीतून गोळा केलेले बीज कोलकात्याहून रेल्वेने जात असे आणि त्यात नको त्या माशांची पिलेही मिसळलेली असत.

आज बहुधा ग्रंथीच्या अर्काऐवजी कृत्रिम हार्मोन वापरतात. त्यात सामन माशाच्या नैसर्गिक हार्मोनच्या धर्तीवर बनवलेला घटक असतो आणि सोबत डॉम्पेरिडोन, म्हणजे डॉक्टर मळमळीवर देतात तेच औषध, जे येथे डोपामिन या मेंदूतील रसायनाने पियुषिका ग्रंथीला घातलेला लगाम सैल करते. मादीला किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर, नराला त्याहून कमी, असा एकच डोस पुरतो. त्या अंड्यांतून निघालेले पिलू तळ्यात वर्षभर वाढून बाजारात येते आणि त्याला स्वतःला सुई लागलेलीच नसते. (तिलापियाची सर्व पिले नर व्हावीत म्हणून त्यांना खाद्यातून हार्मोन देतात, तो प्रकार निराळा आहे.) इंजेक्शन दिलेले प्रजनक मासे मात्र लगेच बाजारात विकू नयेत, एवढी मागणी ग्राहकांनी जरूर करावी.

माझी तक्रार वेगळीच आहे. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. त्यामुळे मोजक्या जोड्यांवर केंद्राचा हंगाम निघतो आणि मग बाहेरून नवे प्रजनक आणण्याची निकड कोणाला वाटत नाही. त्याच तळ्यातील भावंडांची पुढे जोडी लावली जाते आणि पिढ्यागणिक वाढ खुंटते. वेळेवर कटल्याचा नर तयार नसेल, तर रोहूचा नर वापरून काम भागवले जाते. मी एका केंद्रातून कटला म्हणून घेतलेल्या बोटुकलीपैकी (बोटाएवढ्या पिलांपैकी) बरेच मासे वर्षअखेरीस ना धड कटला ना धड रोहू असे निघाले, आणि पावतीवर ‘मत्स्यबीज’ या एका शब्दापलीकडे काहीच नसल्याने दाद कोणाकडे मागावी, हेही कळेना. शिवाय २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला, की नदीकाठच्या तळ्यांतील असे संकरित मासे कृष्णेत जाण्याची वाट मोकळी होते.

भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने निवड पद्धतीने विकसित केलेला जयंती रोहू १९९७ पासून उपलब्ध आहे, म्हणजे चांगले प्रजनक मिळतच नाहीत, असे म्हणता येणार नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने प्रत्येक केंद्राला प्रजनकांची नोंदवही सक्तीची करावी आणि जात, प्रजनकांचे मूळ ठिकाण व ते कोणत्या वर्षी आणले, या तीन बाबी बोटुकलीच्या पावतीवर छापायला लावाव्यात, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक शेततळेधारक शेतकरी,
ता. पलूस, जि. सांगली