दव गोठायच्या आत

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. थंडीचा कडाका पडायच्या आत टोमॅटो-मिरचीचं काय करू, असं विचारलंस. प्लॅस्टिकही आणून ठेवलंयस म्हणे. ते झाडांना गुंडाळायच्या आधी एवढं वाच.

भाजीच्या झाडाला स्वतःची ऊब नसते. दिवसा तापलेली माती रात्री जी उष्णता सोडते, तीच काय ती. आभाळ भरलेलं असलं की ढगांची गोधडी ती फारशी निसटू देत नाही. धोका निरभ्र, वारा पडलेल्या रात्री. तेव्हा पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात, त्यामुळे वर टांगलेला तापमापक २-३ अंश दाखवत असला तरी पानावरचं दव गोठतं. संध्याकाळी आकड्यापेक्षा आभाळाकडे बघ.

झाकायचं ते सूर्य मावळायच्या सुमाराला, मातीत ऊब असतानाच. जुनी चादर, गोणपाट, क्रॉप कव्हर (पिकावर घालायचं हलकं कापड), काहीही चालेल. पण कडा जमिनीला टेकवून वर दगड ठेव. बरेच जण कापड शेंड्यावरून घेऊन खोडाशी बांधतात, मग मातीची ऊब बाहेरच राहते! तुझं प्लॅस्टिक काठ्यांच्या कमानींवर टाक. पानाला चिकटलं की नेमकं तिथेच करपतं. सकाळी ऊन चढायच्या आत काढ, नाहीतर झाडं आत उकडतील.

दुपारीच माती भिजवून ठेव. ओली माती जास्त उष्णता धरते. टोमॅटोच्या बुडाशी पेंढ्याचा जाड थर असेल तर दिवसा बाजूला सार, कारण तो मातीला तापूच देत नाही. गाजरांवरचा राहू दे. धूर करायला सांगणारे भेटतीलच. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांना फारशी अडवता येत नाही, डोळे तेवढे चुरचुरतात.

सगळंच झाकत बसू नकोस. कोबी, पालक, गाजर हलकी थंडी सोसतात. पालक नि गाजर तर साखर वाढून गोड होतात. वाटाण्याचा वेल तगतो, फुलं मात्र जातात. टोमॅटो, मिरची, काकडी, घेवडा हे खरे नाजूक. रंग धरू लागलेले टोमॅटो सरळ तोडून घरात आण, आत पिकतात.

एवढं करूनही पानं काळी पडलीच, तर लगेच कात्री लावू नकोस. थोडे दिवस थांब, कुठवर जिवंत आहे ते कळेल.

जागा सपाट आहे की उताराची, ते लिहिलं नाहीस. गार हवा जड, ती खोलगट भागात साचते. तसा कोपरा असेल तर आधी तिथले वाफे झाक.

तुझाच,
मिलिंद