विषय: हलत्या चहाचा पुतळा केल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच "आणखी काही मदत हवी आहे का, सर?" असं विचारून फोन ठेवला. उत्तर ऐकायला तो थांबला नाही, म्हणून लेखी देतो.

मी तुमच्या जिफ (हलती चित्रं) लहान करणाऱ्या टूलचा वार्षिक ‘प्रो’ प्लॅन घेतलेला ग्राहक आहे. आमच्या टीमच्या स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर, चहाच्या सुट्टीसाठी एक इमोजी हवा होता. कटिंगचा रिकामा ग्लास, त्यात चहा पडतो, वर वाफ येते. आमच्या डिझायनरने काढलेला जिफ ३० फ्रेमचा (म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या ३० चित्रांचा), १२८ बाय १२८ पिक्सेलचा, २१० केबी. स्लॅकला इमोजी १२८ केबीच्या आत लागतो. तुमच्या जाहिरातीत ‘ऑफिस चॅटसाठी एका क्लिकवर तयार’ असं लिहिलंय, म्हणून ही फाइल तुमच्याकडे आणली.

‘कमाल कॉम्प्रेशन’ निवडलं. फाइल २९० केबीची झाली. हो, वाढली. ग्लास आणि टेबल जागचे हलत नाहीत, बदलतात ते फक्त चहा आणि वाफ. तेवढाच बदललेला तुकडा साठवायचा, ही जिफमधली नेहमीची युक्ती. तुमचं टूल प्रत्येक फ्रेम अख्खी साठवतं आणि वर डिदरिंगचे, म्हणजे कमी रंगांत जास्त छटा भासवणारे, ठिपके पेरतं. सलग एकसारखा रंग असला की जिफ चांगला दाबला जातो, हे तुम्हाला मी सांगायचं का? तुम्ही त्याच धंद्यात आहात ना?

मग ‘फ्रेम कमी करा’. एकाआड एक फ्रेम उडवली, पण उरलेल्या फ्रेमचा वेळ दुप्पट केला नाही. पाच शतांश सेकंद होता, तेवढाच ठेवला. वाफ कुकरच्या शिट्टीसारखी सुटायला लागली.

शेवटी ‘टार्गेट साइझ’मध्ये १२८ टाकलं. आली ११ केबीची फाइल आणि हिरव्या पट्टीवर ‘अभिनंदन! ९५ टक्के बचत!’ फाइलमध्ये एकच फ्रेम, पहिली. म्हणजे रिकामा ग्लास. ना चहा, ना वाफ. त्या पट्टीवरचं कॉन्फेटी मात्र सुरेख हलत होतं.

आता फोनचं ऐका. मी म्हटलं, जिफ हलत नाही. "सर, पेज रिफ्रेश करा." केलं. "कॅशे क्लिअर करा." केला. "दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा." बघितलं, ग्लास तिथेही रिकामाच. मला होल्डवर ठेवून सनई ऐकवली, मग परत येऊन विचारलं, "सर, फाइल १२८ केबीच्या आत आली ना?" आली. "मग तुमचं तिकीट साइझचं होतं, ते सॉल्व्ह झालं. न हलणं हा वेगळा इश्यू आहे, त्याचं नवीन तिकीट काढावं लागेल." मी म्हटलं, अहो, ३० पैकी २९ फ्रेम फेकून दिल्या तर कुणाचीही फाइल लहान होईल. त्यावर हे महाशय म्हणतात, "सर, बऱ्याच कस्टमरना स्टॅटिकच आवडतं." आवडतं तर ते जिफ कॉम्प्रेसरचे पैसे कशाला भरतील? मी अजून बोलतोय तोवर ‘तुमची तक्रार समाधानकारकरीत्या निकाली’ असा मेल आला. खाली पाच तारे, पाचही आधीच भरलेले.

मी संयमाने लिहायचं ठरवलं होतं. पण हलणाऱ्या चित्रांवर पोट भरणाऱ्या कंपनीने ‘हलणं हा वेगळा इश्यू’ म्हणावं?

तुमच्या माहितीसाठी: गिफसिकल नावाचं टूल फुकट मिळतं. कमांड टाइप करायची काळी खिडकी, एक ओळीची कमांड, रंग ६४ वर, डिदरिंग बंद, थोडं लॉसी (म्हणजे दर्जा किंचित कमी करून दाबणं). ९६ केबी. चहा पडतो, वाफ येते, तीसच्या तीस फ्रेम जागेवर. टीम तो इमोजी वापरतेय. प्लॅनच्या नूतनीकरणाचे पैसे मात्र ऑटोपेने न विचारता कापले गेले, तेवढं काम तुमच्याकडे बिनचूक होतं. आणि फाइल २१० ची २९० झाली होती, हे पुन्हा सांगतो, कारण फोनवर माझ्याशी बोललेल्या तुमच्या तीनही प्रतिनिधींनी ते ‘नोट’ केलं आणि कुठेच नोट झालं नाही.

ऑटोपेचं मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) मी यूपीआय अ‍ॅपमधून रद्द केलंय. कापलेले पूर्ण पैसे सात दिवसांत परत हवेत. क्रेडिट, कूपन, ‘दोन महिने मोफत’ यातलं काही नको. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन. तिन्ही फाइली आणि तो पाच ताऱ्यांचा मेल जोडला आहे. उत्तर लेखी द्या. फोन करू नका, सनई ऐकून झाली आहे.

आपला,
(पैसे भरलेला) ग्राहक