शुभांगीस, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

पोचलीस तो मेसेज मिळाला. नुसतं 'पोचलो' एवढंच लिहिलंस, त्यावरून राग उतरलेला नाही हे कळलं. फोनच करणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो आणि मधल्या मध्ये आई रडत बसते. म्हणून लिहितोय. दीपक म्हणाला, टाईप करून देतो. मी म्हटलं नको, कागदच बरा. कागदाला मध्येच तोडून बोलता येत नाही.

काल सगळे सोनं द्यायला येऊन गेले. तुझी पानं आईनं देवापुढं वेगळी ठेवलीत, म्हणजे तू विचारलंस तर सांगायला. चुलत्यांनी विचारलं, पोरगी नवमीलाच कशी गेली? आई म्हणाली, ऑफिसचं काम निघालं. मी गप्प बसलो.

त्या दिवसाचं परत काढायचं नाही असं ठरवून बसलोय. गाडीचं मात्र बोलतो. गाडीचा फोटो रिक्षा स्टॉपवर सगळ्यांना दाखवून झाला. 'पोरीनं स्वतःच्या पगारातनं घेतली' हे आता माझ्या आधी चहावालाच म्हणतो. आपल्या बोळात तू ती उलटी घातलीस तेव्हा समोरच्या काकू गॅलरीत येऊन बघत होत्या. त्या बोळात मला रिक्षासुद्धा मागं-पुढं करून वळवायला लागते. खंबाटकी घाटातनं एकटी आलीस, तेही रात्रीच्या पावसात. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं तेव्हा तू हसलीस, मीपण हसलो. पण तू निघालीस तेव्हा ते लिंबू नीट चिरडलं का, हे मी वाकून बघितलं होतं. तुला सांगितलं नाही.

हात तुझा चांगलाच आहे. माझं भांडण हाताशी नाही.

आता निघालाच विषय तर लिहितो. मावशीला सांगलीच्या एसटीत बसवून आपण स्टँडवरनं परत निघालो होतो. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल नुकताच हिरवा झाला होता. ते म्हातारबा पांढऱ्या पट्ट्यांवर अर्ध्यात आले होते. काखेत छत्री, हातात कापडी पिशवी. तू हॉर्न दिलास. म्हातारबा दचकून मागं सरले आणि त्यांचं एक पायताण रस्त्यात राहिलं. तू पुढं गेलीस. मी आरशात बघत होतो, मागची मोटार त्या पायताणावरनं गेली, तिच्या मागची रिक्षापण गेली. म्हातारबा दुभाजकाला धरून एका पायावर उभे होते. उतरून घे म्हणणार होतो, तेवढ्यात तू म्हणालीस, 'आप्पा, ग्रीन माझा होता. मी काय करणार?'

ग्रीन तुझाच होता, बरोबर आहे. पण जो पट्ट्यांवर अर्ध्यात आलाय तो काय मागं उडून जाणार? त्याला आधी पलीकडं जाऊ द्यायचं आणि मग आपण निघायचं. हे माझं म्हणणं नाही. केंद्र सरकारनं 2017 मध्ये गाडी चालवायचे नवे नियम काढले, त्यात आहे की झेब्रा क्रॉसिंगजवळ वेग कमी करायचा, माणूस ओलांडत असेल तर थांबायचं आणि त्याला वाट द्यायची. लायसन्सच्या परीक्षेला तू हे पाठ केलं असशीलच. दीपकच्या सिव्हिलच्या पुस्तकात तर असं आहे की सिग्नलचा हिशेब करताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. मी त्याला म्हटलं, तुझ्या पुस्तकातला माणूस तरणा आहे. गुडघे गेलेला माणूस ह्या हिशेबात कुठं बसतो?

तू म्हणशील, आप्पा, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलाय, लागलं तर नाही ना कुणाला. नाही लागलं. म्हणूनच आत्ता लिहितोय.

मी त्या चौकात किती वर्षं उभा आहे, तुला माहीत आहे. तुला कुंचीत गुंडाळून घरी आणलं ते त्याच रिक्षातनं. कावळा नाक्याकडनं येणाऱ्या गाड्यांना मोकळ्या रस्त्याची सवय असते आणि त्या तशाच इथं शिरतात. स्टँडमधनं एसटी वळून बाहेर येते. एसटीतनं उतरलेला माणूस आधी पाटी शोधतो, मग रिक्षा शोधतो, रस्ता शेवटी बघतो. त्यातनं नवरात्र म्हणजे अंबाबाईला जाणाऱ्या बायांची रीघ. त्यातल्या कितीतरी नऊ दिवस अनवाणी. उन्हात डांबर तापलं की त्यांना उभं राहवत नाही, चटके बसायला लागले की त्या सिग्नल बघत नाहीत, पळतात. एवढं कुठल्या पुस्तकात नसतं गं. ते चौकात उभं राहूनच कळतं.

एक गोष्ट नीट ऐक. थांबलेल्या एसटीला कधीही घासून पुढं जायचं नाही. एसटी का थांबली हे आपल्याला दिसत नसतं. तिच्या तोंडासमोरनं माणूस येतो आणि तो दिसतो तेव्हा तो थेट आपल्या बॉनेटपुढं असतो. शेजारची गाडी पट्ट्यांपाशी थांबली असेल तर आपणही थांबायचं, का थांबली ते नंतर बघायचं. आणि तुझ्या गाडीला काचेच्या दोन्ही बाजूला ते जाड खांब आहेत ना, वळताना त्या खांबाआड अख्खा माणूस लपतो. मी तुझ्या शेजारी बसलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. माझ्या रिक्षाला दार नाही, काच नाही, कोण खोकलं तरी ऐकू येतं. तुझ्या गाडीत काचा बंद, एसी चालू, गाणी चालू. गाडी आरामाची आहे, त्यात वाईट काही नाही. फक्त वळताना मान थोडी पुढं काढून बघत जा, खांबाच्या पलीकडं. आणि बोर्ड नसेल तर लाल दिव्याला डावीकडंही वळायचं नसतं. सगळे वळतात म्हणून आपण नाही वळायचं.

झालं, सुरू झालं माझं. आई स्वयंपाकघरातनं म्हणते, पत्र लिहिताय का शाळा घेताय. रागावू नकोस. तुला ज्ञान शिकवायची माझी काय ऐपत? तू लाखालाखाचे प्रोग्रॅम लिहितेस, मी दहावी नापास.

तुझी वडणग्याची आज्जी आठवते का? भाजीची पाटी डोक्यावर घेऊन शिवाजी पुलावरनं चालत यायची. रस्ता ओलांडायचा म्हटलं की एक हात पाटीला आणि दुसरा हात वर, तळवा समोर. उजवीकडं बघायची नाही, डावीकडं बघायची नाही, हात वर करून सरळ चालायला लागायची. ट्रक थांबायचे. मी चिडायचो, अगं बघून तर चाल. ती म्हणायची, 'मी कशाला बघू? त्याला डोळे नाहीत का?' तू तिच्या पदराला धरून असायचीस. मग घरी आलीस की बोळात उभी राहून माझ्या रिक्षापुढं तसाच हात करायचीस. 'थांब आप्पा!' आणि मी ब्रेक दाबल्याशिवाय बाजूला व्हायची नाहीस. थांबल्यावर वर चॉकलेट मागायचीस, ते वेगळं. त्या वेळी मला वाटायचं, ही पोरगी ट्रॅफिक पोलीस होणार. आईला वाटायचं, कलेक्टर.

आज्जीची पद्धत आता कुणाला सांगायची सोय नाही. तेव्हाचा ट्रक आणि आताची मोटार ह्यात फरक आहे. ताशी 50 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर, दीपकनं कागदावर करून दाखवलं. एक सेकंद तू मोबाईलकडं बघितलंस, तर आपल्या दारापासनं मारुतीच्या देवळापर्यंत गाडी आंधळी गेली. 30 च्या आत असलेल्या गाडीची धडक बसली तर माणूस बहुतेक वाचतो, 50 ला वाचायची खात्री देता येत नाही. सरकारच्या अहवालात आहे, 2022 साली देशात 32,825 पायी चालणारी माणसं रस्ते अपघातात गेली. दिवसाला नव्वद झाली. आकडा वाचून मी पेपर खाली ठेवला. नव्वद म्हणजे दोन एसटी भरून माणसं, रोज. आणि आपल्या सायबर चौकातला 2024 चा तो अपघाताचा व्हिडिओ तर तूच मला पाठवला होतास, खाली लिहिलं होतंस, 'आप्पा, जपून'. मी जपतोच. पण जपणं नुसतं आपल्याला लागू नये एवढ्यापुरतं नसतं, एवढंच म्हणायचंय.

खरं कारण लिहितो. आमच्यातले एक जण होते, नाव लिहीत नाही, तू त्यांना काका म्हणतेस. तुझ्या बारशाला पेढे त्यांनीच आणले होते. त्यांच्या रिक्षाखाली एक पोरगं आलं. पोरगं धावत आलं, काकांचा वेग कमी होता, पोलिसांनीही मान्य केलं, कोर्टातनं सुटले. सगळं झालं. पण माणूस सुटला नाही. दोन महिन्यांत रिक्षा विकली. अजूनही त्या रस्त्यानं जात नाहीत, लग्नाला जायचं झालं तरी वळसा घालून जातात. त्यांच्या बायकोनं आईला सांगितलंय, रात्री उठून बसतात. दोष नव्हता त्यांचा, शुभांगी. आणि दोष नसताना हे. तू त्या दिवशी 'ग्रीन माझा होता' म्हणालीस ना, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ते आले.

तुला कुणी ठोकेल ह्याची भीती आईला वाटते. मला ती वाटतेच, पण दुसरीही वाटते, आणि ती मला आईपुढं बोलता येत नाही. तुझा जीव मऊ आहे. मांजराचं पिल्लू मेलं तेव्हा तू चार दिवस जेवली नव्हतीस.

जाऊ दे. असलं लिहू नये. दृष्ट लागेल म्हणून आईनं आत्ताच मीठ-मोहरी उतरून टाकली, आता मी लिहिलेलं वाचलं तर माझ्यावरनं उतरेल.

आमचे लोकही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. झेब्रावर पुढचं चाक घालून रिक्षा लावतात. परवा मी एकाला म्हटलं, मागं घे की जरा, माणसं कुठनं जाणार? तो म्हणाला, 'आण्णा, रिटायर व्हा आता.' फूटपाथवर गाडे, गाड्यांच्या पुढं मोटारसायकली, मग बाई पोरगं घेऊन उतरणार रस्त्यातच. पट्टे रंगवतात आणि कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात निम्मे धुऊन जातात. मी आणि स्टॉपवरचे तिघंचौघं मिळून महापालिकेला अर्ज देतोय, पट्टे पक्के करा आणि म्हाताऱ्यांना पुरेल एवढा वेळ सिग्नलला द्या म्हणून. मजकूर दीपकनं लिहिलाय. तू एकदा बघून दे, तुझं मराठी चांगलं आहे आणि त्याच्या अर्जात सगळीकडं 'सदरहू' आहे.

अजून एक, मग बंद करतो. हायवेला कुणाला लागलेलं दिसलं तर गाडी सुरक्षित बाजूला घे आणि 108 लाव. पूर्वी लोक घाबरायचे, पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील म्हणून. आता तसं नाही, मदत करणाऱ्याला अडकवता येत नाही, मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये तसं कलमच घातलंय. तुझं नाव सांगायचं की नाही, तेही तुझ्या मर्जीवर. आम्ही पूर्वी कुणालाही न विचारता जखमीला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात, सीपीआरला न्यायचो. सीटवरचे डाग आई धूत बसायची, तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

आईसमोर बोललो म्हणून तुला जास्त लागलं असेल. बोललो ते मागं घेत नाही, पण जेवणाच्या ताटावर बोलायला नको होतं. तू नुसता पांढरा रस्सा पिऊन उठलीस, ते आईच्या मनाला फार लागलंय.

दिवाळीला ये. गाडी घेऊनच ये, चांगली गाडी आहे, माझी काही तक्रार नाही. आईला ज्योतिबाला जायचंय आणि माझ्या रिक्षानं डोंगर चढायचा म्हणजे तिला अर्ध्यात उतरून ढकलायला लागेल. चिवडा लक्ष्मीपूजनाच्या आधीच करणार आहे, तुला डब्यात घालून नेता येईल. दीपकला पुण्याहून ती स्केल की काय हवी आहे, त्यानं तुला पाठवलंय म्हणे.

आईचे आशीर्वाद. दीपकचा नमस्कार.

तुझे,
आप्पा

ता. क. : तावडे हॉटेलकडनं आत वळलीस की फोन कर, आई भाकरी टाकायला घेते. गाडी बाजूला लावून कर. चालवता चालवता केलास तर मी उचलणार नाही.