नंदेला पत्र : पहिल्या पानावरची ओळ

पुणे, रविवार

प्रिय नंदे,

तुझ्या पत्रांना उत्तर गेलं नाही, रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच. घरी सांगितलं तर “मग लिहून टाक ना एक ओळ” एवढंच ऐकायला मिळालं. ती ओळ का लिहवत नाही, हे फक्त तुला कळेल.

तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, एवढंच.

आमचं अनुदान मार्चअखेर संपतंय. नव्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर “श्वास मंदावू न देणारं वेदनाशामक” हे उद्दिष्ट हवं, नाहीतर समिती पान उलटणार नाही, असा निरोप आलाय. तू रोज ऑपरेशन थिएटरात भूल देताना फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं जालीम वेदनाशामक देतेस आणि पेशंटच्या छातीकडे बघत उभी राहतेस. तुझ्यासमोर मला हे वाक्य म्हणता येईल का, नंदे?

होस्टेलच्या गच्चीवर मी तुला रॉबर्ट लेफ्कोविट्झची, पेशीवर संप्रेरकं-औषधं जिथे चिकटतात ते रिसेप्टर शोधणाऱ्या माणसाची गोष्ट सांगत होते, तेव्हा तू म्हणालीस, “तुमचे रिसेप्टर कागदावर सात वळणं घेतात, इकडे माझा पेशंट निळा पडतो.” मी अबोला धरला, आणि तू माझ्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा एकटीने संपवलास. ते मी अजून विसरलेले नाही.

पण तो माणूस मला आजही धीर देतो. हृदयरोगतज्ज्ञ. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सरकारी सेवा म्हणून 1968 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेला. संप्रेरकाला किरणोत्सारी आयोडीन लावून ते पेशीवर कुठे चिकटतं ते शोधायचं होतं. रिसेप्टर ही खरी वस्तू आहे यावर तेव्हा अनेकांचा विश्वासच नव्हता. वर्षभराहून जास्त काळ हाती काही लागलं नाही. पुढे 1973 पासून ड्यूक विद्यापीठ, आणि 1986 मध्ये ब्रायन कोबिल्का या सहकाऱ्यासोबत हॅमस्टरच्या बीटा-2 अॅड्रेनर्जिक, म्हणजे अॅड्रेनॅलिन टिपणाऱ्या, रिसेप्टरचा जीन. तो निघाला डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या रोडॉप्सिनचा भाऊबंद! हे आधी कुणाला ठाऊक होतं? त्या नात्यातून शेकडो रिसेप्टरांचं कुटुंब उजेडात आलं, आणि आज वापरातल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश त्याच कुटुंबावर काम करतात. 2012 चं नोबेल दोघांना मिळालं ते यासाठी.

माझं दुखणं त्याच घरात आहे. मॉर्फिन आपल्या रिसेप्टरला चिकटलं की पेशीच्या आत संदेश पुढे नेणारं जी-प्रथिन जागं होतं, मग बीटा-अरेस्टिन हे दुसरं प्रथिन येऊन ते आवरतं. 1999 मध्ये ड्यूकमध्येच बीटा-अरेस्टिन-2 नसलेल्या उंदरांवर मॉर्फिन जास्त आणि जास्त वेळ लागू पडलेलं दिसलं. 2005 मध्ये अशा उंदरांचा श्वासही कमी मंदावल्याचं आलं. सगळं क्षेत्र धावलं: जी-प्रथिन जागं कर, अरेस्टिनला वगळ, औषध तयार! मग 2020 मध्ये जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या तीन प्रयोगशाळांनी तसलेच उंदीर पुन्हा तपासले. श्वास मंदावतोच. त्याच वर्षी या कल्पनेतून आलेल्या ऑलिसेरिडिन या वेदनाशामकाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि त्याच्या माहितीपत्रकात श्वास मंदावण्याचा ठळक इशारा आहेच. आता असंही दिसतंय की या नव्या रेणूंचा सौम्यपणा रिसेप्टरला अर्धवटच चेतवण्यातून येत असावा. मला हेच मोजायचं आहे. कोणता रेणू किती चेतवतो, आणि मेंदूच्या श्वासकेंद्रातल्या पेशीला तेवढंही पुरतं का? हा प्रश्न सुंदर आहे गं. त्याला औषधाचं गाजर कशाला बांधायचं? कानपूरला अरुण शुक्लांची प्रयोगशाळा अरेस्टिनवर इतकं देखणं काम करते, म्हणजे आपल्याकडे मूळ प्रश्नाला जागाच नाही असंही नाही.

पण लातूरची ती पोर आहे ना, जिच्याबद्दल मागे लिहिलं होतं, तिचं विद्यावेतन याच अनुदानातून जातं. रविवार असूनही आत्ता पलीकडच्या खोलीत पेशींचं माध्यम बदलतेय. समितीने पान उलटलं नाही तर ती कुठे जाईल? या विचाराने रात्री झोप लागत नाही. आणि खोटं आश्वासन लिहून मिळवलेल्या पैशावर तिला शिकवायचं, हेही गळी उतरत नाही. सर असते तर म्हणाले असते, “लिहा आणि पुढे चला.” बंड्या तर तेच म्हणाला.

मी ती ओळ काढून दुसरी लिहिली आहे : “ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची) औषधं श्वास का मंदावतात, याचा पेशीपातळीवरचा शोध.” सोबत तो परिच्छेद जोडलाय. ऑपरेशन थिएटरातली नंदा म्हणून वाच, मैत्रीण म्हणून नको. जिथे मी जास्त बोलले असेन तिथे लाल पेन चालव, आणि नॅलोक्सोन, म्हणजे या औषधांवरचा उतारा, हाताशी ठेवून उभं राहणाऱ्या माणसाला खरोखर काय जाणून घ्यायचं असतं ते समासात लिही. ते मला प्रस्तावात घालायचं आहे, तुझी हरकत नसेल तर.

अनूची नीटची परीक्षा कशी गेली? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? नव्या घराचा ताबा मिळाला की बिल्डर अजून टोलवतोय? सगळं लिही, आणि चटणी पाठव, सोलापूरची, तिखट.

प्रस्ताव पंधरा तारखेला जायचाय. त्याआधी तुझा कागद हवा.

तुझीच,
विजू